तळाचा पेढा

कुणाच्याही शब्दावर काडीचा विश्वास न ठेवता सगळ्या जगावर माया करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे आमच्या आक्का, त्यांचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजी म्हणू लागलो, आणि पुढे आमच्या साताऱ्याच्या आळीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागली. दाजी सांगलीच्या बाजारात हळद पारखायचे. व्यापाऱ्याने पोत्याचं तोंड उघडून "बघा काय माल आहे" म्हटलं की दाजी वरच्या हळदीकडे ढुंकूनही बघत नसत. उजवा हात बगलेपर्यंत पोत्यात घालायचे, पार तळाला जाऊन एक हळकुंड वर काढायचे, कट्‌दिशी मोडायचे, आतला रंग बघायचे आणि मगच तोंड उघडायचे. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांचा उजवा हात कोपराच्याही वर कायमचा पिवळा झाला होता. डावा आपला चारचौघांसारखा. माझ्या लग्नात फोटोग्राफरने तो हात पाहिला आणि नवरदेव म्हणून त्यांनाच माझ्या बायकोशेजारी उभं केलं. मी बाजूला हार घालून उभा होतो, तरी त्याची खात्री पटेना. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "त्याचं काय चुकलं न्हाई. त्यानं हारावर भरोसा ठेवला न्हाई, हळद बघितली."

हा तळाला हात घालायचा नाद बाजारातच राहिला असता तर मी कशाला लिहायला बसलो असतो! मी मास्तर माणूस, दर खेपेला साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन सांगलीला जायचो. दाजी पुडा हातात घेत, दोरी सोडत, आणि ताटात उपडा करत. मग सगळ्यांत खालचा, दबून चपटा झालेला पेढा पहिल्यांदा तोंडात टाकत. "वरचा थर दाखवायचा असतोय, मास्तर. खालचा खरा असतोय," हे ठरलेलं वाक्य. आंब्याची पेटी, बोरांची पाटी, दिवाळीच्या फराळाचा डबा, सगळ्याची हीच गत. आक्कांनी एकदा वैतागून चकल्या एकाच थरात परातीत मांडून ठेवल्या, तर दाजींनी परातीखाली वाकून पाहिलं. त्यांच्या पुतणीसाठी कऱ्हाडला स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलगा, मुलाचा बाप, मुलाचे मामा समोर ओळीने बसलेले, आणि आमचे दाजी गायब. कुठे, तर मागच्या बोळात, मुलाच्या घरच्या परीटाशी गप्पा मारत. तासाभराने आले आणि जाहीर केलं, "पोरगा चांगला हाय. सदऱ्याच्या खिशात राहिलेली चिठ्ठी-चपाटी परीट परत द्यायला गेला तर आधी त्यालाच पाणी इचारतोय." लग्न तिथेच ठरलं. मुलीची पाठवणी करताना तिचा बाप रडला त्याच्या दुप्पट दाजी रडले, आणि पिवळ्या हाताने डोळे पुसल्यामुळे ते दिवसभर चुरचुरत राहिले.

त्यांची आणखी एक खोड होती. बोलता बोलता ते डोळे मिटत. हळकुंड नाकाशी धरून डोळे मिटले की बाजार गप्प व्हायचा. व्यापारी श्वास रोखून उभे राहायचे. कधी कधी हे चिंतन बराच वेळ चालायचं, मग कुणीतरी खाकरायचं आणि दाजी दचकून भाव सांगायचे. एस.टी.त, कीर्तनात, जेवणाच्या पंगतीत भाताची वाट बघतानाही त्यांची हनुवटी छातीला टेकायची. आम्ही म्हणायचो, दाजी विचार करतायत. आणि दुसऱ्याच्या घरी ते कधी आडवे होत नसत. कितीही जेवण झालेलं असो, उन्हाळा असो, पाठ टेका म्हटलं की "बसलोय तेच बरं हाय" म्हणून खुर्चीत ताठ. मला वाटायचं, आमच्या गादीवरही यांचा विश्वास नाही!

आता माझी कथा सांगणं भाग आहे, कारण दाजींची खरी कर्तबगारी माझ्या घशापासून सुरू होते. मी घोरतो. नुसता घोरतो असं म्हणणं म्हणजे अजिंक्यताऱ्याला टेकाड म्हणण्यासारखं आहे. मी शाळेत मराठी शिकवायचो, आणि पन्नाशीला आलो तसा दिवसाढवळ्या पेंगू लागलो. फळ्यावर "वर्षाऋतू" लिहिता लिहिता "व"वरच खडू टेकवून उभ्या उभ्या झोपलो, तेव्हा चाळीस पोरांनी माझी झोप मोडू नये म्हणून चिडीचूप बसून तास काढला. शाळेच्या इतिहासात एवढी शिस्त कधी नव्हती. मुख्याध्यापकांनी बोलावून समज दिली. पण हा हसण्याचा भाग झाला. रडण्याचा भाग असा की घोरता घोरता माझा आवाज एकदम बंद व्हायचा, श्वासही बंद, छाती नुसती धडपडायची, आणि मग मी भसकन हवा ओढून पुन्हा सुरू व्हायचो. त्या मधल्या वेळात माझी बायको शेजारी उठून बसलेली असायची. माझे वडील असेच घोरायचे, असेच अडकायचे, आणि बावन्नाव्या वर्षी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला पन्नास पुरी झाली होती. बायको हे कधी तोंडाने म्हणाली नाही, पण बावन्न हा आकडा आमच्या घरात पाहुण्यासारखा येऊन बसला होता, आणि तो जाईना.

मग उपाय सुरू झाले. नाकात तूप झालं, कोमट पाणी झालं, उशी काढून झाली, दोन उशा घेऊन झाल्या. एका विद्यार्थ्याच्या आईने तर माझ्या डोक्याशी पाण्याचा तांब्या आणि पायाशी रिकामा तांब्या ठेवायला सांगितला. कारण विचारायचं नाही ही अट होती. दाजींना कळलं तसे ते मे महिन्याच्या सुटीत आक्कांना घेऊन साताऱ्याला आले ते एक जाड वही काखोटीला मारूनच. बाजारात येणारे शेतकरी, हमाल, गाडीवान यांच्यातले घोरणारे हुडकून दोन वर्षं त्यांनी एकेकाला उपाय सुचवले आणि कुणाला काय गुण आला हे बाजारात, कधी घरी जाऊनही, विचारून लिहून ठेवलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असंच. नाद." वहीत पहिल्या नंबरला होता चेंडू. सदऱ्याच्या पाठीवर आतून खिसा शिवायचा, त्यात रबरी चेंडू ठेवायचा, म्हणजे माणूस उताणा झोपूच शकत नाही. वहीत चेंडूपुढे ओळीने लिहिलं होतं: फरक आहे, लय फरक आहे, फरक आहे. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी तिथल्या तिथे माझ्या पाच सदऱ्यांना खिसे शिवले.

परीक्षा दुपारची. जेवण झालं की मी घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजीवर चेंडू लावून आडवा, आणि भोवती परीक्षक मंडळ: माझी बायको, सासूबाई, आणि भिंतीपलीकडे राहणारे निवृत्त सुभेदार, ज्यांनी माझ्या घोरण्याबद्दल आळीच्या गणेशमंडळात दोनदा ठराव मांडला होता. आठ दिवसांनी दाजींनी विचारलं, "काय, फरक?" सुभेदार मिशीला पीळ देऊन म्हणाले, "नव्वद टक्के!" सासूबाई म्हणाल्या, "सुभेदार म्हणतायत तर असणारच." बायकोने आईकडे पाहिलं, मग तिने शिवलेल्या पाच खिशांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आहे की फरक." मी खूश. दाजी मात्र हनुवटी खाजवत बसले. मग त्यांनी खांद्यावरचा पिवळा पडलेला रुमाल काढला.

पूर्वी बाजारात सौदे रुमालाखाली व्हायचे. घेणाऱ्याचा हात आणि दलालाचा हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारच्याने काय सांगितलं ते कुणाला कळत नाही, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघून आपला भाव बदलता येत नाही. दाजींनी तीच रीत माझ्या घोरण्याला लावली. एक बोट म्हणजे काही फरक नाही, पाच म्हणजे पूर्ण बरा. सासूबाई बिथरल्या. "जावयाच्या हातात हात? मेले मी!" त्यांची समजूत निघेना, तेव्हा तोड निघाली की त्यांनी रुमालाखाली सुपारीची खांडं सरकवावीत. तिघांचं मत एकेकट्याचं, वेगवेगळं घेतलं गेलं. दाजींनी रुमाल झटकला आणि म्हणाले, "सुभेदारांची दोन. मास्तरांच्या बायकोचं एक. सासूबाईंचं एक खांड." सुभेदार खालच्या मानेने म्हणाले, "आवाज भिंतीला लागतच होता, पण तुमच्या घरात पाव्हणे आलेले, बिचाऱ्या आज्जींनी खिसे शिवलेले… म्हटलं कशाला!" मी तेव्हा प्रथमच पाहिलं, की दाजींचा चेहरा आपलं म्हणणं खोटं ठरलं म्हणून उजळू शकतो. पण लगेच त्यांच्या कपाळावर आठी आली. मग वहीत चेंडू पहिला कसा?

इतक्यात दाजींचा पुतण्या आला. हा मिरजेला नाक-कान-घशाचा डॉक्टर, हुशार, नवा नवा. त्यानेच माझ्या दुखण्याला नाव दिलं, स्लीप ॲप्निया. नाव ऐकून सासूबाईंनी देव पाण्यात घातले. त्याचं म्हणणं असं की घशातलं जादा मांस ऑपरेशनने काढलं की काम फत्ते. जूनमध्ये डॉक्टरांच्या सभेत या विकाराच्या उपचारांचा आढावा तो वाचणार होता, अकरा शोधनिबंध वाचून त्याने तो लिहिला होता, निष्कर्ष ऑपरेशनच्या बाजूने होता, आणि सभा झाली की लगेच माझा घसा. माझ्या ऑपरेशनची तारीखही त्याने पेन्सिलीने लिहून ठेवली होती. दाजींनी त्याला समोर बसवलं. इंग्रजी त्यांना एस.टी.च्या पाटीइतकंच यायचं, पण म्हणाले, "एकेक कागद मराठीत सांग."

"हे अकरा आणलेस कुठनं?"

"काही आमच्या ग्रंथालयातले, काही आमच्या सरांनी दिले."

"सर ऑपरेशन करत्यात?"

"हो, त्यांनीच तर मला शिकवलं."

"म्हंजे पोतं त्यांचं, आन् वरचा थर बी त्यांनीच लावलेला."

"काका, ही छापलेली शास्त्रीय माहिती आहे!"

"पोत्यावर बी छापलेलंच असतंय की. बरं, घोरणं गेलं हे कुणी सांगितलं?"

"पेशंटच्या बायकोने."

"तिला ठाऊक हुतं नवऱ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून?"

"अर्थात."

दाजींनी सासूबाईंनी शिवलेल्या खिशांकडे पाहिलं. "आवाज गेला. पण श्वास अडायचा थांबला का? मास्तरांच्या बायकोला आवाजाचं भ्या न्हाई, गप्प हुण्याचं भ्या हाय." डॉक्टर पानं उलटू लागला. काही निबंधांत ते मोजलंच नव्हतं. "आन् सुरवातीला जेवढी माणसं हुती तेवढी शेवटाला हायत का?" काहींत नव्हती. "मधली कुठं गेली?"

"तपासणीला आली नाहीत."

"का आली न्हाईत?"

"आता ते कसं कळणार, काका?"

"मग जे कळलं न्हाई ते तू चांगल्यात का धरलंस?"

डॉक्टरचे कान लाल झाले. शेवटी रक्त हळदीच्या घराण्याचंच. त्याने दाजींची वही ओढली, चेंडूचं पान उघडलं, आणि एकेका नावावर बोट ठेवत गेला. "हे बघा. चेंडू लावलेले एवढे, आणि परत येऊन सांगितलेले त्यातले निम्मेसुद्धा नाहीत. तुमचे कुठे गेले? आणि जे आले त्यांना विचारलं कुणी? चेंडू सुचवणाऱ्यानेच ना?" दाजींनी वही हातात घेतली, डोळे मिटले, आणि या वेळी खरोखरच विचार केला. मग आक्कांना म्हणाले, "पिशवी भर." मला म्हणाले, "मास्तर, सुटी हाय न्हवं? चला. आपण नुसता वरचा थर बघितलाय."

मे महिन्याच्या उन्हात एस.टी.च्या पत्र्यात भाजत आम्ही वहीतली माणसं शोधत फिरलो. कोरेगावला एक गादीवाले चाचा होते, वहीत त्यांच्यापुढे "लय फरक". दाजींनी रुमाल पुढे केला तसे ते ओशाळून हसले. "काय सांगू दाजी, या भागातल्या सगळ्यांच्या सदऱ्याला चेंडू मीच शिवून दिला. आता माझ्याच अंगावरचा चेंडू खोटा म्हटलं तर लोक काय म्हणतील?" रुमालाखाली चाचांचं एकच बोट लागलं. कडेगावला उसाच्या फडाजवळ दुसरा माणूस भेटला, सहा फुटी, मनाने लोणी. तो म्हणाला, "आवं दाजी, तुमी मागल्या बारीला एवढ्या लांबनं आलासा, माझ्या घरचा च्या पिलासा, आन् मी न्हाई कसं म्हनू? म्हनलं, फरक हाय म्हना, मानूस खूश हुईल. चेंडू तर कवाच पोरांनी खेळायला नेला." एवढं बोलून त्याने पुन्हा चहा मागवला. दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. माझी वही लोकांच्या चांगुलपणानं बिघडलीय."

पाटणच्या अलीकडच्या वाडीत तिसरं घर होतं. वहीत "फरक आहे" एवढंच. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. दाजींनी नाव विचारलं. ती म्हणाली, "ते न्हाईत. मागच्या पावसाळ्यात झोपंतच गेलं." थोडं थांबून, दोष देत नसल्यासारखं, तिने पुढे म्हटलं, "चेंडू लावूनच निजलं हुतं." दाजी पायरीवर बसले. तिने पाणी दिलं ते त्यांच्या हातात तसंच राहिलं. परतीच्या गाडीत कऱ्हाड येईपर्यंत ते वहीचं तेच पान उघडून बसले होते. मग वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ह्यो माणूस माझ्या वहीत फरक आहे मध्ये हाय, मास्तर." मी ती वही साताऱ्यापर्यंत मांडीवर तशीच धरून बसलो.

दाजींनी चेंडूचं पान फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली, चूक कशी झाली ते खाली लिहिलं, आणि वही पुतण्याला नेऊन दिली. त्याच्यावरही त्याचा परिणाम झाला असावा, कारण पोरगं पुण्याला गेलं, सरांनी दिले नव्हते तेही कागद शोधून आणले, उपचार फसल्याचे, अर्धवट सुटल्याचेसुद्धा. एकेक निबंध त्याने आणि त्याच्या मित्राने वेगवेगळ्या खोल्यांत बसून तपासला आणि मग ताळा केला. मध्ये रुमाल नव्हता एवढंच. नव्या आढाव्यात त्याने लिहिलं की ऑपरेशनने आवाज बऱ्याच जणांचा कमी होतो, पण श्वास अडायचा थांबतोच असं आज छातीठोक सांगता येत नाही. नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं यंत्र श्वास चालू ठेवतं, मात्र ते रोज लावलं तरच, आणि बरेच लोक ते टाकून देतात. सभेत त्याच्या सरांनी भुवया उंचावल्या म्हणे. पण पेन्सिलीने लिहिलेली माझी तारीख त्याने खोडली, आणि पुण्यात तपासणी होऊन माझ्या घरी ते यंत्र आलं.

यंत्र लावलेला मी कसा दिसायचो ते विचारू नका. नाकातून निघालेली ती नळी बघून सुभेदारांच्या नातीने मला हात जोडून "मोरया" म्हटलं. वीज गेली की मी मुखवट्यासकट उठून बसायचो आणि अख्ख्या आळीला कळायचं. पण फळ्यापाशी माझी झोप लागणं थांबलं, पोरांची शिस्त पुन्हा बिघडली, आणि बावन्नावा वाढदिवस आला तसा गेला. त्या दिवशी बायको सकाळी स्वयंपाकघरात उगीचच गाणं म्हणत होती. दाजी-आक्का आले होते. जेवणं झाली, मी यंत्र लावून दुपारचा तासभर झोपलो, आणि उठल्यावर दाजींनी रुमाल काढलाच. सुभेदारांची पाच बोटं. बायकोची पाच. सासूबाईंनी पाच खांडं तर दिलीच, वर एक लवंग दिली.

शेवटी दाजींनी आक्कांपुढे रुमाल धरला. आक्कांनी हात आत घातला. दाजींच्या कपाळावर आठी पडली. "एक? मास्तरांना फरक न्हाई म्हंतीस?"

आक्का म्हणाल्या, "मी मास्तरांचं सांगत न्हाई."

दाजींनी हात काढून घ्यायला बघितला, पण आक्कांनी रुमालाखाली तो घट्ट धरला होता. "वीस वर्षं मोजतीया मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "जगाचे घसे तपासत फिरलासा. वहीत एवढी नावं, तुमचं कुठं हाय? इचारलं तर काय म्हंत्यात ठाऊक हाय का मास्तर? ज्याचा माल त्यानं पारखायचा नसतोय! बसून झोपायचं, खुर्चीत झोपायचं, लोकांच्यात आडवं व्हायचं न्हाई, का तर आवाज हुईल, श्वास अडकंल, लोकांना कळंल. आन् मी तिकडं एकटीनं अडल्यालं श्वास बोटांवर मोजत बसायचं." मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट लागत गेली. नाकाशी धरलेलं हळकुंड आणि मिटलेले डोळे, पंगतीत टेकलेली हनुवटी, आमच्या गादीवरचा अविश्वास, आणि कारण नसताना दोन वर्षं चाललेला तो वहीचा नाद. इतकी वर्षं मी या माणसाचा वरचा थर बघून हसत आलो होतो. मला माझीच लाज वाटली. मी उठलो, आक्कांचा हात बाजूला केला आणि माझा हात रुमालाखाली घातला. म्हटलं, "दाजी, आता पारखणारा मी. माल तुमचा. किती अडतो?" दाजींनी मान खाली घातली. रुमालाखाली त्यांनी माझी पाची बोटं दाबली, सोडली, आणि पुन्हा पाची दाबली. मग हात सोडायचे विसरले.

पुढच्याच आठवड्यात त्यांना पुण्याला नेलं. यंत्राचं खोकं आलं तेव्हा दाजींनी ते आधी उलटं करून बघितलं. रोज लावायचे, इमानाने; आणि वहीत स्वतःचं पान मात्र पुतण्याच्या अक्षरात लिहवून घेतलं, कारण नियम तो नियम. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते की श्वास आता ठीक आहे, पण एवढ्या वर्षांत हृदय दमलंय. तरी त्यानंतर काही वर्षं आमचे दाजी माणसांसारखे आडवे होऊन झोपले, आमच्या सोप्यातसुद्धा. बाजारात हळकुंड हुंगून आता लगेच भाव सांगतात, पूर्वीसारखी पारख राहिली नाही, अशी व्यापाऱ्यांची कुरकुर असायची. ते गेले ते भर दुपारी, दवाखान्यात, जागेपणी, पुतण्याला काहीतरी विचारत असताना. त्या प्रश्नाचं उत्तर अजून शोधतोय, असं तो सांगतो.

मध्यंतरी पेढे घेऊन सांगलीला गेलो होतो. आक्कांनी पुडा ताटात उपडा केला आणि तळाचा चपटा पेढा माझ्या हातावर ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाल्या, "दुपारी पडले की डोळा लागत न्हाई, मास्तर. कान तिकडंच असत्यात. एवढी वर्षं मोजत आले, आता मोजायला काय न्हाई." माझं यंत्र साताऱ्याला होतं. जेवण झाल्यावर मी मुद्दामच सोप्यात दाजींच्या जागी सतरंजी टाकली आणि उताणा झोपलो. जाग आली तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि आक्का उशाशी बसल्या होत्या. अंगठा करंगळीच्या पेरावर होता.

"अठरा," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून माझ्यावर डाफरल्या, "उठा! पाचची गाडी पकडा, आन् घरी जाऊन ते यंत्र लावा."